भारतीय तत्त्वज्ञान म्हणजे फक्त अध्यात्म? या समजालाच आव्हान देणारे दया कृष्ण कोण होते?

यूट्यूबवर किंवा इन्स्टाग्रामवर 'भारतीय तत्त्वज्ञान' असं शोधून बघा. डोळे मिटून बसलेला साधू, मागे हिमालय, बासरीचं संगीत आणि मनःशांतीवर दोन ओळी. व्हॉट्सॲपवर याच विषयाचा दुसरा अवतार भेटतो. 'आपल्या ऋषींनी हे हजारो वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय.' त्याखाली कुणीतरी हमखास लिहितं, 'सगळं थोतांड आहे.'

एक बाजू हात जोडते, दुसरी हात झटकते. भांडण जोरात चालतं. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य असते. भारतीय तत्त्वज्ञान म्हणजे मोक्ष, वेद आणि सहा दर्शनं. विषय संपला.

1960 च्या दशकात एका भारतीय प्राध्यापकाने नेमकी हीच मान्य असलेली गोष्ट खोडायला घेतली. या तिन्ही गोष्टींना त्यांनी थेट 'मिथकं' म्हटलं. त्यांचं नाव दया कृष्ण. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांमध्ये या नावाचा दबदबा आहे, पण त्या वर्तुळाबाहेर ते फारसं कुणाला माहीत नाही.

ते काय म्हणत होते आणि आज ते का वाचायला हवेत, हे सोप्या भाषेत समजून घेऊया.

दया कृष्ण कोण होते?

जन्म 1924, मृत्यू 2007. सागर विद्यापीठात आणि नंतर जयपूरच्या राजस्थान विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञान शिकवलं. भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषदेच्या इंग्रजी नियतकालिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते.

त्यांची सुरुवात पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातून झाली. 1955 मध्ये आलेलं त्यांचं पहिलं पुस्तक 'तत्त्वज्ञान म्हणजे नेमकं काय', या प्रश्नावर होतं. पुढे त्यांनी समाजशास्त्र आणि राजकीय विकास या विषयांवरही लिहिलं. मग ते संस्कृत ग्रंथांकडे वळले.

त्यांची वाचण्याची पद्धत वेगळी होती. प्लेटो किंवा कांट वाचताना आपण विचारतो, 'याचं म्हणणं बरोबर आहे का? कशावरून?' तेच प्रश्न ते गौतम, शंकराचार्य आणि ईश्वरकृष्ण यांना विचारायचे. त्यांच्या मते आपण या लोकांना वंदन करतो किंवा त्यांच्यावर परीक्षेत टीपा लिहितो. त्यांच्याशी वाद मात्र घालत नाही. आणि ज्याच्याशी वाद घालता येत नाही, तो विचार जिवंत कसला?

पहिलं मिथक : हे सगळं अध्यात्म आहे

'भारतीय तत्त्वज्ञान आध्यात्मिक आहे' याचे दोन अर्थ होऊ शकतात. दया कृष्ण दोन्ही तपासतात.

पहिला अर्थ असा : अंतिम सत्य हे आत्मतत्त्व आहे, जड जग दुय्यम किंवा माया आहे. हे अद्वैत वेदान्ताला लागू होतं. पण वैशेषिक दर्शन परमाणू नित्य मानतं. सांख्यांच्या मते पुरुष जितका खरा तितकीच जड प्रकृतीही खरी. जैन पुद्गल म्हणजे जड द्रव्य खरं मानतात. चार्वाकांना तर जडाशिवाय दुसरं काहीच मान्य नाही. म्हणजे एका परंपरेचं मत आपण सगळ्यांच्या नावावर टाकलंय.

दुसरा अर्थ असा : या सगळ्या विचारांचं ध्येय मोक्ष आहे. इथे दया कृष्ण न्यायसूत्रांकडे बोट दाखवतात. या ग्रंथाच्या पहिल्याच सूत्रात म्हटलंय की 16 पदार्थांच्या ज्ञानाने परमकल्याण साधतं. वाचणाऱ्याला वाटतं, चला, मोक्षाचा मार्ग सापडला.

पण ते 16 पदार्थ कोणते? त्यात प्रमाण, संशय, दृष्टान्त, तर्क आहेत. पुढे जल्प आहे, म्हणजे फक्त जिंकण्यासाठी घातलेला वाद. वितंडा आहे, म्हणजे स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं खोडत राहणं. हेत्वाभास आहेत, म्हणजे वरून पटणारी पण आतून पोकळ कारणं. आणि छल आहे, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम दुसराच अर्थ काढणं.

छलाचं परंपरेतलं उदाहरण मजेशीर आहे. कुणीतरी म्हणतो, 'याच्याकडे नव कंबल आहे.' त्याला म्हणायचं असतं, नवं कांबळं. समोरचा विचारतो, 'नऊ कुठे? मला तर एकच दिसतंय!' संस्कृतात 'नव' म्हणजे नवीन आणि नऊसुद्धा. कमेंट बॉक्समध्ये हा प्रकार आपण रोज बघतो.

आता सांगा, वितंडा आणि छल ओळखता आल्याने मोक्ष कसा मिळेल? दया कृष्ण यांचं उत्तर असं की मोक्षाचा उल्लेख इथे बराचसा रीतीचा भाग आहे. त्या काळात इतर शास्त्रंही असंच मोठं फळ सांगून सुरू होत. लग्नपत्रिकेवर वर 'श्री गणेशाय नमः' छापतात, म्हणून लग्न गणपतीचं नसतं. तसंच हे. ग्रंथ खरोखर कशाबद्दल आहे ते आतली पानं सांगतात. न्यायसूत्रांची आतली पानं ज्ञान कसं होतं, चूक कशी ओळखायची आणि वाद कसा करायचा याबद्दल आहेत.

दुसरं मिथक : वेद म्हणतील तो शेवटचा शब्द

शाळेत शिकवलं जातं की वेद मानणारी दर्शनं आस्तिक आणि न मानणारी नास्तिक. दया कृष्ण विचारतात, वेद मानणं म्हणजे नेमकं काय मानणं?

मीमांसक म्हणतात, वेद कुणीच रचलेले नाहीत, ते अपौरुषेय आहेत. नैयायिक म्हणतात, वेद ईश्वराने रचले, म्हणूनच ते प्रमाण आहेत. एकाने दुसऱ्याचं कारण मान्य केलं तर त्याचा स्वतःचा सिद्धान्त कोसळतो. शिवाय मीमांसकांसाठी वेदांचा गाभा म्हणजे 'अमुक यज्ञ करा' असं सांगणारी विधिवाक्यं. वेदान्त्यांसाठी गाभा म्हणजे उपनिषदांतली ब्रह्माविषयीची वाक्यं. दोघंही 'वेद प्रमाण' म्हणतात, पण एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत.

सांख्यांचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. सांख्यकारिका हा आस्तिक दर्शनाचा ग्रंथ. पण त्याच्या दुसऱ्याच कारिकेत म्हटलंय की दुःख दूर करण्याचा वैदिक उपायही सदोष आहे. तो पूर्ण शुद्ध नाही, त्याचं फळ संपणारं आहे आणि सगळ्यांना सारखं मिळणारं नाही. परीक्षेत आपण यांच्या नावापुढे 'वेदप्रामाण्य मान्य' असं लिहून मोकळे होतो.

यातली एक साधी गोष्ट आपण विसरतो. समोर बौद्ध किंवा जैन पंडित बसलेला असेल, तर त्याला 'वेदात असं लिहिलंय' हे सांगून काय उपयोग? तो वेद मानतच नाही. त्याला पटवायचं तर प्रत्यक्ष आणि अनुमान यांवरच उभं राहावं लागतं. शतकानुशतकं चाललेल्या त्या वादांत शेवटचा शब्द ग्रंथाचा असता, तर वाद पहिल्याच दिवशी संपला असता.

तिसरं मिथक : सहा दर्शनं, सहा ठरलेल्या टीम

आपल्या डोक्यातलं चित्र आयपीएलसारखं असतं. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा, वेदान्त. प्रत्येकाची जर्सी ठरलेली, मतं ठरलेली. संस्थापकाने सगळं सांगून ठेवलं, पुढच्यांनी फक्त समजावून सांगितलं.

दया कृष्ण म्हणतात, हे चित्र तत्त्वज्ञानाला मारून टाकतं. दर्शन म्हणजे बंद खोली नाही, विचार करण्याची एक शैली आहे. त्या शैलीत राहून लोक पूर्वसूरींशी भांडतात, जुनं टाकतात, नवं आणतात.

याचं ठळक उदाहरण म्हणजे बंगालचे रघुनाथ शिरोमणी. ते नव्यन्यायाचे मोठे पंडित. वैशेषिक दर्शनात 'विशेष' नावाचा एक पदार्थ आहे. त्याच्यावरूनच दर्शनाचं नाव पडलं, असं परंपरा मानते. रघुनाथांनी त्या पदार्थालाच काट मारली. दिशा आणि काळ ही स्वतंत्र द्रव्यं आहेत, हेही त्यांनी नाकारलं. तरी त्यांना कुणी परंपरेबाहेर काढलं नाही. उलट ते परंपरेतलं एक मोठं नाव ठरले.

दया कृष्ण यांनी आणखी एक लोकप्रिय गोष्ट तपासायला घेतली. शंकराचार्यांनी बौद्धांचा पराभव केला आणि तेव्हापासून देशात वेदान्ताचं राज्य सुरू झालं, अशी ती गोष्ट. त्यांनी विचारलं, याला पुरावा काय? पहिल्या सहस्रकात लिहिल्या गेलेल्या ग्रंथांकडे पाहिलं, तर वेदान्ताचा असा दबदबा दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. बौद्ध ग्रंथनिर्मिती शंकराचार्यांनंतरही चालू होती आणि नालंदाही पुढे काही शतकं टिकून होतं. वेदान्ताचं वर्चस्व नंतरचं आहे आणि आपण ते मागच्या काळावर लादलंय, असा त्यांचा निष्कर्ष.

पूजा गुरुजींनी केली, पुण्य कुणाला?

दया कृष्ण यांची खरी ताकद बघायची असेल, तर यज्ञ आणि कर्म यांवरचा त्यांचा निबंध बघा.

घरात सत्यनारायण आहे. मंत्र गुरुजी म्हणतात, विधी तेच सांगतात. यजमान पाटावर बसतो आणि सांगितलं की पाणी सोडतो. शेवटी दक्षिणा देतो. पुण्य कुणाला? यजमानाला. यात आपल्याला काहीच खटकत नाही.

आता दुसरी गोष्ट. 'करावे तसे भरावे.' ज्याने कर्म केलं, फळ त्यालाच. कर्मसिद्धान्ताचा हा पाया. यातही काही खटकत नाही.

दया कृष्ण या दोन गोष्टी शेजारी ठेवतात. यज्ञात कर्म करणारे ऋत्विज आहेत आणि फळ यजमानाला मिळतं. मग 'करणाऱ्यालाच फळ' या नियमाचं काय झालं?

ही अडचण मीमांसकांनाही दिसली होती. त्यांचं उत्तर असं की ऋत्विजांना दक्षिणा मिळालेली असते, म्हणून फळावर हक्क यजमानाचा. यज्ञाचा 'सत्र' नावाचा एक प्रकार असतो, त्यात सगळे ऋत्विजच यजमान असतात. तिथे दक्षिणा नसते आणि फळ सगळ्यांचं असतं. म्हणजे पैसे दिले की दुसऱ्याच्या कर्माचं फळ आपलं होऊ शकतं, आणि एकत्र केलेल्या कर्माचं फळ वाटूनही घेता येतं.

इथे प्रश्न पूजेच्या पाटावरून उठून थेट समाजात येतो. दया कृष्ण म्हणतात, कर्मसिद्धान्त काटेकोरपणे मानला तर प्रत्येक माणूस एका बंद डबीत राहतो. माझ्या वाट्याला येतं ते माझ्याच कर्माचं. मग दुसरा कुणी माझं भलं किंवा वाईट करूच शकत नाही. यज्ञ मात्र सांगतो की माणसाचं कर्म इतरांच्या कर्मात गुंतलेलं असतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

याचा आजचा अर्थ लावून बघा. एखाद्यावर अन्याय होतो आणि कुणीतरी सहज म्हणून जातं, 'ज्याचं त्याचं कर्म.' हे वाक्य खरं असेल, तर अन्याय करणारा निर्दोष सुटतो. रात्री उशिरा आपल्या दारात जेवण आणून देणारा मुलगा, आपल्या इमारतीसाठी विटा वाहणारी बाई, यांच्या कष्टाचं फळ आपल्याला मिळतं. ते फक्त पैसे दिल्यामुळे आपलं होतं का? मीमांसकांचा जुना वाद आणि आपला आजचा प्रश्न एकमेकांपासून फार लांब नाहीत.

पुणे, 1983 : पंडितांसमोर रसेल

महाराष्ट्राशी जोडलेला धागा इथे येतो.

स्वातंत्र्यानंतर देशात तत्त्वज्ञानाचे दोन वर्ग होते. विद्यापीठातले प्राध्यापक इंग्रजीतून कांट आणि रसेल शिकवायचे. पाठशाळेतले पंडित संस्कृतातून न्याय आणि मीमांसा शिकवायचे. दोघं एकाच शहरात राहत असले, तरी एकमेकांशी बोलत नव्हते.

1983 मध्ये पुण्यात या दोघांना समोरासमोर बसवलं गेलं. दया कृष्ण यांच्यासोबत यात पुढाकार होता मे. पुं. रेगे यांचा. मराठी वाचकांना ते 'नवभारत'चे संपादक म्हणून ठाऊक आहेत. बर्ट्रांड रसेल यांचे तर्कशास्त्रातले विचार संस्कृतात पंडितांपुढे ठेवायचे आणि विचारायचं, तुमचं यावर काय मत आहे, अशी ही कल्पना.

यात वेगळं काय होतं? एरवी पंडितांना लोक विचारायचे, 'ग्रंथात काय लिहिलंय?' इथे त्यांना विचारलं गेलं, 'तुम्हाला काय वाटतं?' जणू संग्रहालयातल्या वस्तूऐवजी प्रथमच त्यांच्याकडे सहकारी म्हणून पाहिलं गेलं.

चर्चेचा विषय किती अवघड होता, याची कल्पना एका उदाहरणाने येईल. 'पाऊस पडतोय' असं तुम्ही म्हणता आणि मीही म्हणतो. आपण दोघं 'तेच' म्हणतो. हे 'तेच' म्हणजे काय? 1903 च्या ग्रंथात रसेल यांनी त्याला प्रपोझिशन म्हटलं, म्हणजे विधानाचा आशय. कुणाच्या मनात असो वा नसो, तो आपल्या जागी असतोच, असं त्यांचं तेव्हाचं मत होतं. नैयायिकांना अशी अधांतरी वस्तू लागतच नाही. त्यांच्याकडे असतं ज्ञान, आणि ते नेहमी कुणाचं तरी, कशाचं तरी असतं. मग चुकीच्या ज्ञानाचं काय? शिंपला पाहून चांदी वाटली, तर शिंपला खरा आहे आणि दुसरीकडे पाहिलेली चांदीही खरी आहे. चुकली ती फक्त दोघांची जोडणी. जगात नसलेली एखादी 'खोटी गोष्ट' मानावी लागत नाही.

या चर्चेवरचं 'संवाद' हे पुस्तक 1991 मध्ये आलं. अशा बैठका पुढे इतर ठिकाणीही झाल्या. वाराणसीचे न्यायपंडित बदरीनाथ शुक्ल यांनी तर एका बैठकीत वेगळा आत्मा न मानता, शरीरालाच आत्मा मानून न्यायदर्शन उभं राहू शकतं का, याची सविस्तर मांडणी केली. आयुष्यभर परंपरेत वाढलेला पंडित परंपरेच्या मुळाशीच प्रयोग करत होता. कुणीतरी प्रश्न विचारायचा अवकाश होता.

मग सगळं पटतं का?

दया कृष्ण यांच्यावरही आक्षेप आहेत, आणि ते नीट ऐकायला हवेत.

अमेरिकेतले अभ्यासक कार्ल पॉटर यांनी भारतीय दर्शनांवरच्या मोठ्या विश्वकोशाचं संपादन केलं. त्यांच्या मते मोक्षाचा विचार बाजूला काढला, तर हे लोक इतका खटाटोप का करत होते हेच कळणार नाही. दोघांमध्ये यावर लेखी वाद झाला. बौद्ध आणि योगपरंपरेतल्या बऱ्याच ग्रंथांबाबत पॉटर यांच्या म्हणण्यात दम आहे. तिथे दुःखातून सुटका हा खरोखर केंद्रातला विषय आहे, लग्नपत्रिकेवरचा गणपती नाही.

दुसरा आक्षेप मराठी वाचकाला लगेच सुचेल. वादाची ही थोर परंपरा होती, ठीक. पण त्या सभेत बसायला कुणाला मिळत होतं? संस्कृत शिकण्याचा अधिकार ठरावीक जातींच्या पुरुषांपुरता असेल, तर 'खुला वाद' हा शब्द कितपत खरा? फुले आणि आंबेडकरांनी हा प्रश्न विचारला आहे. पंडितांना सन्मानाने बोलावणं गरजेचं होतंच. पण ज्यांना पाठशाळेच्या दारातूनच परत पाठवलं, त्यांचा विचार कुठल्या सूत्रग्रंथात सापडणार? परंपरेशी वाद घालायचा, तर हा प्रश्नही तिला विचारावा लागतो.

तरीही या आक्षेपांमुळे दया कृष्ण बाद होत नाहीत. त्यांना हवा होता तो हाच खेळ. त्यांचं म्हणणं वेदवाक्य मानणं ही त्यांचीच थट्टा ठरली असती.

आपल्या हाती काय लागतं?

दया कृष्ण फारसे लोकप्रिय झाले नाहीत, याचं एक कारण उघड आहे. त्यांचं मुख्य लेखन इंग्रजीत आणि अभ्यासकांच्या नियतकालिकांत आहे. दुसरं कारण म्हणजे ते कुठल्याच गटाच्या कामाचे नाहीत. अभिमानाने फॉरवर्ड करायचं तर ते प्रत्येक वाक्याला पुरावा मागतात. थोतांड म्हणून हिणवायचं तर ते समोर न्यायसूत्रं उघडून बसवतात.

वाचायची इच्छा असेल, तर 'इंडियन फिलॉसॉफी : अ काउंटर परस्पेक्टिव्ह' या पुस्तकापासून सुरुवात करा. वर सांगितलेला यज्ञ आणि कर्माचा निबंध त्यातच आहे. त्यांच्या निधनानंतर 2011 मध्ये निवडक लेखांचं 'कॉन्ट्ररी थिंकिंग' हे पुस्तकही आलं.

आणि पुस्तक हाती येईपर्यंत एक काम लगेच करता येईल. जुने ग्रंथकार स्वतःचं मत मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडत, म्हणजे विरोधकाचं म्हणणं. तेही असं की विरोधकालाही त्यात फारशी खोट काढता येऊ नये. 'आपल्या पूर्वजांनी सांगितलंय' असा पुढचा मेसेज आला, की तीन प्रश्न विचारा. नेमकं कुणी सांगितलं? त्याच काळात त्यावर आक्षेप कुणी घेतला? आणि त्या आक्षेपाला उत्तर काय मिळालं?

'सगळं थोतांड' म्हणणाऱ्यालाही हेच तीन प्रश्न विचारा. बऱ्याचदा दोघांकडेही उत्तर नसेल. मग ते शोधावं लागेल, आणि दया कृष्ण यांच्या मते परंपरा जिवंत राहते ती याच शोधाने.